कॅज्युअल्टीतून घरी पाठवलेल्या पेशंटचं पुढे काय होतं?

रातपाळी

आपत्कालीन विभागात डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करते आहे. एक विषय फार दिवस डोक्यात घोळतोय, तो इथे मांडते. इथे डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, लॅबवाले आहेत, आणि पेशंट किंवा नातेवाईक म्हणून तर आपण सगळेच कधी ना कधी त्या बाकड्यांवर बसलोय.

आमचं काम घड्याळावर मोजलं जातं. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी १० मिनिटांत निघाला पाहिजे. मोठा हार्ट अटॅक असेल तर दारातून आत आल्यापासून ९० मिनिटांत बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली पाहिजे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत. ट्रायाजची, म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवण्याची, मँचेस्टर पद्धत घ्या: लाल रंगवाल्याला तत्काळ, केशरीला १० मिनिटांत, पिवळ्याला तासाभरात बघायचं. या घड्याळामुळे जीव वाचतात, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पण कॅज्युअल्टीत येणारे बहुतेक जण ॲडमिट होतच नाहीत. त्यांना तपासायचं, काही तास नजरेखाली ठेवायचं आणि घरी सोडायचं. ते दाराबाहेर पडले की मोजणं बंद. पहाटे तीनला पोटदुखीचा एखादा तरुण पेशंट सुटतो. सोनोग्राफी ठीक, रक्ताचे रिपोर्ट ठीक, दुखणंही कमी झालेलं. कार्डावर शेरा पडतो, 'रिव्ह्यू एसओएस', म्हणजे गरज पडली तर परत दाखवा. अपेंडिक्सची सूज सुरुवातीच्या तासांत सोनोग्राफीत दिसली नाही असं सर्रास होतं, हे लिहिणाऱ्याला पक्कं माहीत असतं. दुखणं बेंबीकडून उजवीकडे खाली सरकलं, ताप भरला, उलट्या थांबेनात तर तडक परत ये, असं त्याला सांगायचं असतं. पेशंटच्या कानावर मात्र एवढंच पडतं, की काही निघालं नाही, घरी जा. मग दुखणं वाढलं तरी तो 'डॉक्टरांनी तर काही नाही सांगितलं होतं' म्हणत कळ काढत बसतो.

घरी पाठवलेला पेशंट पुढच्या डॉक्टरच्या हातात सुखरूप पोचेपर्यंत जबाबदारी कुणाची? माझ्या मते ती आमचीच. तुमचे अनुभव हवेत. कुठे फाटतं आणि काय केल्याने सांधलं जातं, दोन्ही सांगा.

अबोली

धागा काढलास ते फार बरं केलंस ताई. नातेवाईक म्हणून लिहिते.

वडिलांना थंडी वाजून ताप आला, बोलण्यात थोडी गडबड वाटली म्हणून रात्री नेलं. तिथल्या लोकांनी मनापासून बघितलं, त्याबद्दल तक्रार नाही. लघवीचा संसर्ग आहे म्हणाले, अँटिबायोटिक सुरू करून सकाळी घरी पाठवलं. लघवीचं कल्चर पाठवलंय हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. ताप उतरेना म्हणून काही दिवसांनी आम्हीच परत गेलो, तेव्हा तिथल्या दुसऱ्या डॉक्टरांनी संगणकात बघितलं. रिपोर्ट तयार होऊन पडलेला होता. बाबांना दिलेल्या गोळीला त्यातला जंतू दाद देत नव्हता. औषध बदललं आणि ते बरे झाले, पण मधले दिवस वयाच्या माणसाला किती महागात पडले असते.

आणि कार्डावर 'फॉलोअप ओपीडी' एवढंच. कुठली ओपीडी, कुठल्या वारी, कुणाला भेटायचं, काहीच नाही.

पेट्रीडिश

अबोली यांनी लिहिलं ते लॅबच्या बाजूने रोज दिसतं. कल्चरला वेळ लागतोच. जंतू वाढायचा, ओळखायचा, मग कुठली औषधं चालतात ते बघायचं, यात ४८ ते ७२ तास सहज जातात. तोवर पेशंट घरी आणि ज्यांनी सॅम्पल पाठवलं ते डॉक्टर दुसऱ्या पाळीला किंवा सुट्टीवर. रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू दिसला तर आम्ही तातडीने फोन करतो, तसा दंडकच आहे. पेशंट वॉर्डात असेल तर वॉर्डातली सिस्टर फोन घेते आणि पुढची चक्रं फिरतात. पेशंट कॅज्युअल्टीतून घरी गेलेला असेल तर फोन उचलणारा म्हणतो, 'या नावाचं इथे कुणी नाही.' त्याचंही बरोबर असतं, तिथे खरंच कुणी नसतं!

आमच्याकडे पुढे एक साधी गोष्ट झाली. कॅज्युअल्टीतून घरी गेलेल्यांच्या राहिलेल्या रिपोर्टांची वेगळी वही. रोज सकाळच्या पाळीतल्या एका ठरलेल्या डॉक्टरने ती उघडायची, आलेले रिपोर्ट दिलेल्या औषधाशी ताडून बघायचे, गरज असेल तिथे पेशंटला फोन करायचा आणि सही करायची. वही म्हणा, संगणकातली यादी म्हणा, फरक पडत नाही. त्या दिवशी ते काम अमक्याचं, हे भिंतीवर लिहिलेलं असतं, त्याने फरक पडला. 'सगळ्यांनी बघायचं' असं होतं तेव्हा कुणीच बघत नव्हतं.

ओव्हर_बुक

मी सिस्टर. डिस्चार्जच्या वेळी समजावून सांगणं बहुतेकदा आमच्याच वाट्याला येतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

'कळलं का?' हा प्रश्न विचारूच नये. शंभरातले शंभर जण 'हो' म्हणतात. माणूस रात्रभर जागा आहे, घाबरलेला आहे, त्याला घरी जायचंय. तो नाही कशाला म्हणेल? २००९ साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता. कॅज्युअल्टीतून सुटलेल्या पेशंटना लगेच विचारलं, तुम्हाला काय झालं होतं, काय केलं, घरी काय करायचं, परत कधी यायचं? यांपैकी एखाद्या तरी बाबतीत ७८ टक्के लोकांची समजूत अपुरी होती. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे जिथे समजूत अपुरी होती, तिथे आपल्याला समजलेलं नाही याची जाणीव पाचातल्या एखाद्या वेळीच होती. ज्याला आपल्याला कळलं नाही हेच कळलेलं नाही, तो शंका कशी विचारणार?

म्हणून मी उलटं विचारते. 'घरी गेल्यावर सुनबाईंनी विचारलं डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?' किंवा 'रात्री काय झालं तर तुम्ही परत निघाल?' मग त्यांच्या शब्दांत जे येतं त्यात गडबड लगेच दिसते. मागे एक काका म्हणाले, 'दम लागला की हा निळा पंप, आणि बरं वाटलं की दुसरा बंद.' दुसरा पंप रोज घ्यायचा होता, बरं वाटलं तरी. विचारलं नसतं तर ते तसंच करत राहिले असते आणि पुन्हा दम लागून आले असते. पंप तर हातात देऊन ओढायलाच लावावा. पंप दाबणं एकीकडे आणि श्वास घेणं दुसरीकडे, असं कितीतरी जणांचं चाललेलं असतं.

आणखी एक. खाटेशेजारी जो उभा आहे तोच घरी औषधं देणार आहे असं धरून चालू नका. गाडी चालवत आणणारा मुलगा असतो, गोळ्या देणारी घरी असते. तिला फोन लावायचा, स्पीकर सुरू करायचा आणि दोघांना एकदम सांगायचं.

कुंपणाबाहेर

'सुनबाईंनी विचारलं तर काय सांगाल', हे फार आवडलं. वाचतोय.

तिसरा_मजला

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा.

सगळं पटतं. पण सिस्टरांनी लिहिलेलं करायला प्रत्येक पेशंटमागे पाच-सात मिनिटं निवांत मिळायला हवीत. ती नाहीत, कारण कॅज्युअल्टी तुंबलेली आहे. आणि ती का तुंबते याचं उत्तर बऱ्याचदा कॅज्युअल्टीत नसतंच. ॲडमिशन ठरलेले पेशंट वॉर्डात खाट नाही म्हणून तासन्‌तास स्ट्रेचरवर पडून असतात. वॉर्डात खाट नाही, कारण वरचे डिस्चार्ज संध्याकाळी होतात. ते संध्याकाळी होतात, कारण राउंड दुपारपर्यंत चालतो. 'किरकोळ पेशंट फार येतात म्हणून गर्दी' हे सगळीकडे ऐकू येतं, पण सर्दी-खोकल्याचा पेशंट खाट अडवत नाही.

हा नुसता गैरसोयीचा प्रश्न नाही. इंग्लंडमधल्या लाखो ॲडमिशनांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉर्डात पोचायला ६ ते ८ तासांपेक्षा जास्त उशीर झालेल्या दर ८२ पेशंटमागे ३० दिवसांत एक जादा मृत्यू, असा हिशेब निघाला. कॅज्युअल्टीतल्या लोकांना नुसतं 'अजून नीट समजावून सांगा' म्हणणं म्हणजे ज्यांचं कंबरडं मोडलंय त्यांच्याच पाठीवर आणखी एक गोणी ठेवणं आहे. आधी वरच्या मजल्यांनी सकाळी खाटा मोकळ्या कराव्यात.

रातपाळी

@तिसरा_मजला, राग कसला, तुम्ही मुळावरच बोट ठेवलंत. वॉर्डात राउंडच्या सुरुवातीला आज घरी जाऊ शकणारे पेशंट आधी बघितले तरी दुपारच्या आत काही खाटा सुटतात. आम्ही हे मागतोच आहोत आणि मागत राहू.

पण एका गोष्टीवर अडते. गर्दी हटेपर्यंत घरी जाणाऱ्यांचं थांबवून ठेवता येत नाही. उलट गर्दीच्या रात्रीच कार्डावरचा मजकूर सर्वात तोकडा होतो आणि त्याच रात्री चुकीचा पेशंट घरी जाण्याची भीती सर्वात जास्त. शिवाय दम्याचा पेशंट पंप नीट न कळल्यामुळे परत आला तर तो गर्दीतच भर घालतो.

पाळी बदलतानाचंही इथेच लिहून ठेवते. सीटीची वाट बघणारा पेशंट रात्रीच्या डॉक्टरकडून सकाळच्याकडे जातो, तेव्हा 'सीटी नॉर्मल आला की सोडून द्या' एवढाच ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना दिलेली माहिती, मिळतो. सीटी नॉर्मल येतो आणि पेशंट सुटतो. डोकेदुखी आयुष्यातली सर्वात भयंकर आणि अचानक सुरू झाली होती, म्हणजे कदाचित पुढची तपासणी लागेल, हे रात्रीच्या डॉक्टरच्या डोक्यातच राहतं. ओव्हर देण्याची ठरलेली पद्धत असली की खरंच फरक पडतो. अमेरिकेतल्या ९ हॉस्पिटलांमध्ये शिकाऊ डॉक्टरांना अशी पद्धत शिकवली, तर टाळता येण्यासारख्या अपायांचं प्रमाण ३० टक्क्यांनी उतरलं. ते २०१४ मध्ये प्रसिद्ध झालंय. त्या पद्धतीत शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं असतं. म्हणजे सिस्टर पेशंटशी करतात तेच.

चष्मा

मी आकड्यांचं काम करतो, म्हणून एक सावधगिरीची सूचना. 'घरी गेलेल्या सगळ्यांना दुसऱ्या दिवशी फोन करा' हा उपाय आता कुणीतरी सुचवेलच. ऐकायला छान वाटतो. पण अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या २,००० पेशंटवर याची नीट चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला नर्सने फोन करून औषधं आणि पुढच्या भेटीबद्दल विचारलं. दुसऱ्या गटालाही फोन गेला, पण तो नुसता 'सेवा कशी वाटली' असा. ३० दिवसांत परत कॅज्युअल्टीत येणं, ॲडमिट होणं, मृत्यू, हे सगळं एकत्र धरलं तरी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. ही २०१८ ची गोष्ट.

म्हणजे सरसकट फोन करण्यात माणसं गुंतवण्याआधी विचार व्हावा. मनुष्यबळ तुटपुंजं आहे, ते जिथे उपयोग होतो तिथे लावलं पाहिजे.

निळाई

@चष्मा, बरोबर. आणि उपयोग कुठे होतो ते सांगायलाच लिहिते आहे. मी मानसिक आरोग्यात काम करते.

जीव द्यायचा प्रयत्न करून कॅज्युअल्टीत आलेला माणूस. पोट धुतलं, सलाईन लावलं, शुद्धीवर आला, धोका टळला. मग 'मानसोपचार ओपीडीला दाखवा' असा कागद. त्यातले खूप जण त्या ओपीडीपर्यंत पोचतच नाहीत. लाज वाटते, घरचे विषय दाबून टाकतात. आणि हेच पुढचे आठवडे सर्वात धोक्याचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक प्रयोग केला होता. ब्राझीलमधलं कँपिनास, आपलं चेन्नई, कोलंबो, इराणमधलं कराज आणि चीनमधलं युनचेंग. १,८६७ जण. एका गटाला नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर घरी जाताना एकेकाशी स्वतंत्र तासभर बसून बोलणं आणि नंतर दीड वर्षात ९ वेळा फोन किंवा भेट, सुरुवातीला जवळजवळ आणि मग अंतर वाढवत. दीड वर्षानंतर आत्महत्येने झालेले मृत्यू नेहमीच्या गटात २.२ टक्के, संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के. हे २००८ मध्ये छापून आलं. महागडी यंत्रं नाहीत, नवं औषध नाही. माणसाने माणसाची खबर घेतली.

अमेरिकेतल्या ८ आपत्कालीन विभागांमधल्या २०१७ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. प्रत्येकाला आत्महत्येच्या विचारांबद्दल नुसतं विचारण्याने पुढचे प्रयत्न कमी झाले नाहीत. विचारणं, सुरक्षिततेची योजना लिहून देणं आणि नंतर फोन करत राहणं, हे एकत्र झालं तेव्हा प्रयत्नांची एकूण संख्या ३० टक्क्यांनी कमी झाली. योजना म्हणजे साधा कागद: मन कुठल्या खुणांनी बिघडायला लागतं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाला फोन करायचा, आणि घरातल्या कीटकनाशकांना, गोळ्यांना कुलूप कोण लावणार. हे शेवटचं नातेवाईकाला समोर बसवून ठरवायचं, नाव घालून.

पायवाट

फॅमिली डॉक्टर म्हणून माझी एकच विनंती आहे. मला चार ओळी लिहा.

पेशंट पिशवीतून कागद काढतो. त्यात रिपोर्टांची भेंडोळी असते. सगळं असतं, फक्त तुम्हाला काय वाटलं ते नसतं. कुठली शंका होती, कशाची खात्री करून ती काढून टाकली, कशाची खात्री झाली नाही आणि मी आता नेमकं काय बघायचं? 'क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) थोडं वाढलंय, आठवड्याने परत तपासा' हे एक वाक्य दहा पानांच्या रिपोर्टापेक्षा जास्त उपयोगी.

आणि औषधं. काय सुरू केलं ते लिहिता, काय बंद करायचं ते राहून जातं. माणूस आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी घेतोय, गुडघा सुजला म्हणून गेला, तिथून जोरकस वेदनाशामक घेऊन आला. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव व्हायची भीती. रात्री अडीचला ती जुनी गोळी कुणाला आठवत नाही, मान्य आहे. म्हणून पेशंटनाही सांगतो, चालू औषधांच्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, दर वेळी नवा काढा. नाव पाठ नसलं तरी चालेल.

फिल्म

एक्स-रे, सीटी विभागातून एक भर. अपघातानंतर मानेचा किंवा छातीचा सीटी होतो. हाड ठीक असतं, पण फुफ्फुसात एक बारीक गाठ दिसते. बहुतेकदा ती निरुपद्रवी निघते, पण काही महिन्यांनी परत बघावी लागते. आम्ही ती रिपोर्टात लिहितो. फ्रॅक्चर नाही म्हणून पेशंट आनंदाने घरी जातो आणि गाठ रिपोर्टातच राहते. ती कार्डावर उतरली पाहिजे, पेशंटच्या भाषेत, आणि कधी तपासायची तो महिना घालून.

सावली

म्हाताऱ्या माणसांची सोबत करण्याचं काम करते. वैद्यकातलं मला फार कळत नाही, पण एवढं सांगावंसं वाटतं. त्यांना घरी सोडण्याआधी एकदा उठवून, चालवून बघा हो. पडून आलेल्या आजींचा एक्स-रे चांगला आला, स्ट्रेचरवरून गाडीत आणि गाडीतून पलंगावर, मध्ये पाय जमिनीला लागलेच नाहीत. घरी संडासला जायला उठल्या तर पाऊल टाकवेना.

गोळीचं पाकीट स्वतः फोडता येतं का, तेही बघा. बोटं वाकडी झालेली असतात, पाकीट फुटत नाही, आणि सांगायला संकोच वाटतो. आम्ही विचारतो 'गोळी घेतली का', त्या म्हणतात 'हो'.

फिल्म

@सावली, वैद्यकातलं कळत नाही म्हणता, पण तुमचं निरीक्षण अगदी अचूक आहे. खुब्याचं बारीक फ्रॅक्चर पहिल्या एक्स-रेत न दिसणं आमच्या ओळखीचं आहे. वजन टाकता येत नसेल तर एक्स-रे चांगला असूनही सीटी किंवा एमआरआय करायला हवा. म्हणून चालवून बघणं हीही एक तपासणीच आहे.

ओव्हर_बुक

डामाचा विषय राहिला. सल्ला न जुमानता, सही करून जाणारे पेशंट. बऱ्याच ठिकाणी त्यांना हातात काहीच मिळत नाही, ना औषधं लिहून, ना परत यायच्या खुणा. सही झाली, विषय संपला. खरं तर त्यांचा आजार अर्धवट राहिलेला असतो, त्यांनाच सगळ्यात जास्त सांगायला हवं. आणि जातात ते हट्टाने थोडेच? घरी लहान मूल एकटं असतं, रोजावर जायचं असतं, पैशाची चिंता असते. कारण विचारलं तर निम्म्या वेळा मधला मार्ग निघतो. नाही निघाला तरी गोळ्या लिहून द्या आणि 'कधीही परत या, कुणी रागावणार नाही' असं तोंडाने सांगा. त्या वाक्यावर माणसं परत आलेली पाहिली आहेत.

चष्मा

यावरून आठवलं. ७२ तासांत परत आलेले पेशंट हा आकडा अनेक ठिकाणी विभागाचा दोष म्हणून मोजतात. मला ते पटत नाही. रातपाळी यांच्या पोटदुखीच्या तरुणाला नीट समजावलं आणि तो दुसऱ्या दिवशी अपेंडिक्स घेऊन वेळेत परत आला, तर ते काम फत्ते झालं म्हणायचं. परत आल्यावर किती जण थेट आयसीयूत गेले, किती जणांवर तातडीची शस्त्रक्रिया झाली, आणि त्यांना पहिल्या वेळी काय सांगितलं होतं, ते केसपेपर काढून वाचायला हवं. नुसता आकडा कमी करायला सांगितलं की लोक पेशंटला परत येऊ नका असंच सुचवायला लागतील.

तिसरा_मजला

+१. असे केसपेपर महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून वाचावेत, आणि त्या बैठकीत वॉर्डवाल्यांनाही बोलवावं. मी येईन.

रातपाळी

सगळ्यांचं मनापासून वाचलं. विभागात बोलून आधी दोन गोष्टी धरते आहे. पेट्रीडिशची वही, सकाळच्या ठरलेल्या माणसाच्या नावासकट. त्यातच फिल्म यांच्या गाठींची नोंद. आणि फोन, पण सरसकट नाही: निळाईंनी सांगितलेले पेशंट, एकटे राहणारे वृद्ध, आणि सोडताना ज्याच्याबद्दल डॉक्टरच्या मनात रुखरुख राहिली तो प्रत्येक जण. एकट्या वृद्धांबाबत चष्मा यांचा अभ्यास माझ्या बाजूने नाही, हे धरून चाललेय. त्यांना औषधांची उजळणी करायला फोन करणार नाही. उठता येतंय का, कुणी सोबत आहे का, एवढंच विचारायचं, आणि नसेल तर त्यांना परत बोलवायचा अधिकार फोन करणाऱ्या सिस्टरकडे ठेवायचा.

कार्डावर 'एसओएस'च्या जागी परत यायच्या खुणा मराठीत छापून घेते आहे, पोटदुखी, डोक्याला मार, ताप, दम यांच्या वेगवेगळ्या. मसुदा इथे टाकेन. सावलीताई, तो आधी तुम्ही वाचा. तुम्हाला अडलं ते बदलायचं.

पेट्रीडिश

एक अडचण आधीच सांगून ठेवतो. वहीतले बरेच फोन लागतच नाहीत. नंबर चुकीचा उतरवलेला असतो किंवा ज्या शेजाऱ्याने आणलं त्याचा असतो.

ओव्हर_बुक

पेशंट खाटेवर असतानाच त्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. खिशात वाजला तर बरोबर. नाही वाजला तर तिथल्या तिथे दुसरा घ्यायचा, आणि कुणाचा आहे ते नात्यासकट लिहायचं. रातपाळी डॉक्टर, मसुद्यात फोन नंबरशेजारी त्यासाठी एक चौकोन ठेवा.